चोविसावं घर

माझ्या आत्याचा तिच्या नाकावर भरवसा होता आणि माझा माझ्या याद्यांवर. दोघींपैकी कोण बरोबर होतं ते आता ठरलेलं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते: आत्या बरोबर होती. मी कशी चुकले, एवढंच सांगायचं उरलंय.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तळोज्याच्या बाजूला, खाडीकडे उतरणाऱ्या एका गावात तिचं घर. नवऱ्याचं मिठागर होतं, ते गेलं. भाताची जमीन होती, तीही गेली. तीन बाजूंना टॉवर, चौथ्या बाजूला नाला आणि मधोमध आत्याचं एकमजली घर. तिला मूलबाळ नाही. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी तिच्याकडे काढल्या, त्यामुळे माझी जीभ जितकी तिखट आहे त्याचं निम्मं श्रेय तिला जातं.

गच्चीवर जुनं जाळं अंथरून ती सुकट वाळवायची आणि त्या सुकटीवरून हवा ओळखायची. नाल्याकडून कुजक्या अंड्यांसारखा वास आला की मी नाकाला ओढणी लावायचे आणि ती मला हसायची. "याला काय भ्यायचा? सुकटीचा वास येतो ना अजून? मंग ठीक हाय. सुकटीचा वास येयाचा बंद झाला, का दारं-खिरक्या लावून घ्यायच्या." हा तिचा नियम. तो तिला कोणी शिकवला नव्हता, नाल्याशेजारी राहून राहून तो तयार झाला होता. मला तो गमतीचा वाटायचा.

मी पनवेलला तळ्याजवळ राहते आणि खारघरच्या एका छोट्या ऑफिसचं काम घरून करते. काम काय, तर क्रम लावायचा. वेबसाइटवर शेकडो गोष्टी असतात, बातम्या, पाककृती, वस्तू. त्यातलं काय वर दिसेल आणि काय खाली जाईल, हे कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहिते. त्यासाठी एक्सएसएलटी नावाची जुनी पद्धत आहे. एका बाजूला माहितीची फाइल, दुसऱ्या बाजूला सूचनांची फाइल, आणि दोन्ही मिळून पान तयार होतं. आजकालची मुलं तिला नाकं मुरडतात. मी वीस वर्षं तिच्यावर घर चालवलंय, त्यामुळे तिच्याविरुद्ध कोणी बोललं की मला राग येतो. यायचा.

गेल्या वर्षी तळोज्याच्या बाजूच्या काही सोसायट्यांनी मिळून एक समिती केली. वासाच्या तक्रारी करून सगळे थकले होते. वास नक्की कुठल्या कारखान्यातून येतो हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. हा त्याच्याकडे बोट दाखवायचा, तो ह्याच्याकडे. शेवटी समितीने हवा मोजणारे छोटे डबे आणले आणि इमारतींच्या गच्च्यांवर बसवले. दर तासाला प्रत्येक डबा एक आकडा पाठवायचा. आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट. त्या आकड्यांवरून सर्वांना दिसेल असं पान हवं होतं. अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर होते, माझ्या ओळखीतले. मी म्हटलं, पान फुकट करून देते, पण एक डबा माझ्या आत्याच्या गच्चीवर बसवा. ते हसून हो म्हणाले. तेवीस डबे इमारतींवर बसले आणि चोविसावा सुकटीच्या जाळ्याशेजारी.

मग अध्यक्षांनी एक अट घातली. "मॅडम, आकडे दाखवायचे नाहीत. आकडा बघितला की लोक घाबरतात, व्हॉट्सॲपवर फिरवतात, उद्या फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक तेच तोंडावर मारतं. फक्त नंबर दाखवा. पहिला, दुसरा, तिसरा. आणि रंग."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंच. आकडा कच्चा असतो, क्रम म्हणजे पक्कं काम, असं माझं मत होतं. ज्याची हवा सगळ्यात वाईट तो पहिला. वरचे पाच लाल, शेवटचे सहा हिरवे, मधले पिवळे. लाल दिसलं तर खिडक्या बंद ठेवा, हिरवं दिसलं तर उघडा. आकडा कुठेच नाही.

सूचनांची फाइल मी नव्याने लिहिली नाही. एवढ्याशा कामाला नव्याने कोण लिहितं? एका मासिकाच्या वेबसाइटसाठी पाककृतींची यादी केली होती, नावांप्रमाणे लावलेली. तीच उचलली, 'नाव' होतं तिथे 'मोजमाप' घातलं, क्रम उलटा केला, रंग दिले. अर्ध्या तासात काम झालं. चाचणी घेतली. एकाहत्तर वर, अडुसष्ट त्याच्याखाली, बावन्न, चाळीस, सत्तावीस. सगळं जागच्या जागी. डबे स्वच्छ हवेतही वीसच्या खाली उतरत नसत आणि तेव्हा ऐंशीच्या वर कोणी जात नसे. मी अध्यक्षांना कळवलं आणि आमटीला फोडणी द्यायला उठले.

त्या दिवसापासून आत्याला एक खेळ मिळाला. तिच्याकडे साधा फोन, पान बघता येत नाही. रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा.

"आज आमचा नंबर कितवा?"

"चौथा. लाल. खिडक्या उघडू नकोस."

"चौथा? काल तिसरा व्हतो. कोन गेला पुरं?"

पुढे कोण गेलं ते मी सांगायचे, नाल्याच्या वळणावरचा टॉवर, आणि ती त्याला दोन शिव्या हासडून फोन ठेवायची. खिडक्या मात्र माझ्या शब्दावर बंद ठेवायची. तिने कुणाचं ऐकावं ही घटनाच आमच्या घरात नवीन होती. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

थंडी पडली. थंडीत तिकडची हवा हलत नाही, खाली बसून राहते. आत्याचा नंबर तिसरा, दुसरा, मग सलग चार दिवस पहिला. मी तिला म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. "माज्या सुकटीला मांजरं खातील," ती म्हणाली. विषय संपला.

आणि मग एका सकाळी पान उघडलं तर तिचं घर यादीत वर कुठेच नव्हतं. मी खाली खाली गेले. अगदी तळाला, हिरव्या रंगात: चोविसावं.

आदल्या दिवशी पहिलं असलेलं घर एका रात्रीत शेवटचं कसं होईल, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला. मी त्याचं उत्तरही लगेच शोधलं, वारा फिरला असेल. माहितीची मूळ फाइल एका क्लिकवर होती. तिच्यात आकडा होता. मी ती उघडली नाही. माझ्या यादीवर माझाच विश्वास नसेल तर कोणाचा असणार?

फोन आला. मी ओरडूनच सांगितलं, "आत्या, चोविसावा! सगळ्यात शेवटचा! सगळ्या खिडक्या उघड, घर मोकळं होऊ दे."

"वास नाय येत खरा आज," ती म्हणाली. "पन सुकटीचाबी येत नाय."

"तुझं नाक म्हातारं झालं."

"नाक म्हातारं होत नाय."

"मग सुकट शिळी असेल. उघड खिडक्या. मशीन सांगतंय."

तिने उघडल्या. फोनवरून मला कडी काढल्याचा आवाज आला.

पुढच्या दिवशी ती पुन्हा चोविसावी. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग नाल्याच्या वळणावरचा टॉवर लालमधून सुटून तेविसावा झाला. मग त्याच्या शेजारचा बाविसावा. नाल्याकाठची सगळी घरं एकामागून एक हिरवी होत चालली आणि वरच्या लाल जागांवर लांबच्या, रस्त्यापलीकडच्या इमारती आल्या. अध्यक्षांचा फोन आला. स्वर अगदी लग्नघरातला. "मॅडम, आपल्या पानाचा दणका! कोणीतरी घाबरलं, बंद केलं वाटतं. आमची बिल्डिंगसुद्धा हिरवी झाली." मी हसले. मला तेव्हा एक बारीकशी अस्वस्थता होती, जेवणात खडा लागल्यासारखी, पण तो खडा मी थुंकून पाहिला नाही.

आत्या मात्र रोज काहीतरी सांगत होती. एक दिवस म्हणाली, देव्हाऱ्यातली चांदीची गौर काळी पडली. परवाच चिंच लावून घासली होती, परत काळी. मी म्हटलं, सोनाराने फसवलं तुला. एक दिवस म्हणाली, डोळे चुरचुरतात, डोकं जड हाय. मी म्हटलं, झोप. एक दिवस नुसतीच खोकली आणि विचारलं, "नंबर कितवा?" चोविसावा, मी म्हटलं. "मंग काय बोलनार," ती म्हणाली.

बाराव्या सकाळी सात वाजले, सव्वासात झाले, फोन आला नाही. मी पान उघडलं. चोविसावं, हिरवं. फोन लावला, तिने उचलला नाही. गच्चीवर असेल, सुकट पसरत असेल, असं म्हणून मी चहा टाकला. तो चहा मी बसून, सावकाश प्यायले. खिडकीतून लांबवर कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसत होता आणि मला बरं वाटलं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मी विसरण्याचा प्रयत्न केला तरी ते विसरता येत नाही.

पावणेआठला फोन आला तो तिच्या शेजारच्या सुनेचा. ती दूध द्यायला गेली होती. आत्या स्वयंपाकघरात उघड्या खिडकीखाली पडलेली होती, ओठ निळे. त्या मुलीने तिला एकटीने अंगणात ओढलं, रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा आत्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही गॅस वगैरे? कोंडून घेतलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "खिडक्या उघड्या होत्या. सगळ्या."

ते म्हणाले, काही वायूंचं असं असतं, थोडे असले की घाण वास येतो, जास्त झाले की नाकच काम करेनासं होतं. माणसाला वाटतं हवा सुधारली. मग त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी फोनवर माहितीची मूळ फाइल उघडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आत्याच्या गच्चीवरचा त्या सकाळचा आकडा होता एकशे पंधरा.

चूक समजायला मला एक क्षणही लागला नाही, तेच जास्त वाईट. पाककृतींची ती यादी नावांसाठी होती. नावं लावताना पहिलं अक्षर बघतात, ते सारखं असेल तर दुसरं. मी आकडे घातले, पण हे आकडे आहेत असं सांगणारा एक शब्द घालायला विसरले. त्यामुळे एकशे पंधराकडे माझी यादी संख्या म्हणून बघतच नव्हती. तिने पहिला अंक बघितला, एक. सत्तावीसचा पहिला अंक दोन. दोनापेक्षा एक लहान, म्हणून एकशे पंधरा सत्तावीसच्या खाली. जोवर सगळे दोन अंकी होते तोवर चूक दिसायला जागाच नव्हती. ज्या दिवशी आत्याच्या घराने शंभर ओलांडले त्या दिवशी ते पहिल्या नंबरावरून थेट शेवटच्या नंबरावर गेलं, आणि मी त्याला हिरवा रंग दिला. नाल्याकाठचं एकेक घर शंभराच्या वर गेलं आणि एकेक हिरवं झालं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. बाकावर बसूनच केली. मग मागच्या बारा सकाळच्या फायली एकेक करून नव्या यादीतून काढल्या. लाल, लाल, लाल. बाराच्या बारा सकाळी आत्याचं घर वरच्या पाचांत, लाल होतं. त्यातल्या अकरा सकाळी मी तिला खिडक्या उघडायला सांगितलं होतं.

अध्यक्षांना फोन केला. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग आता सगळ्यांना कळवायची गरज नाही. उगाच बोभाटा."

"कळवणार आहे," मी म्हटलं. "आणि आकडेही दाखवणार आहे."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आमची बिल्डिंग कितवी आहे?"

"दुसरी."

फोन त्यांनी ठेवला नाही. मला त्यांच्या घरातला आवाज ऐकू येत राहिला. पहिल्यांदा धाडधाड खिडक्या लागल्याचा आणि मग कोणीतरी लहान मूल खोकत असल्याचा.

आत्या वाचली. आठ दिवसांनी मी तिला पनवेलला आणलं. वाचली म्हणजे चालते, बोलते, जिना चढताना दम लागतो. नाक मात्र गेलं. पहिल्याच दिवशी तिने सुकटीची पिशवी उघडून त्यात तोंड घातलं आणि बराच वेळ तशीच बसली. मग पिशवीला गाठ मारून मला दिली. "ठेव वर," म्हणाली.

त्या आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं. आधी आडून आडून, मग सरळ. वाटीतले शेंगदाणे मांडून आकडे कसे लागले आणि कसे लागायला हवे होते ते दाखवलं. शिव्या देईल असं मला वाटत होतं, द्याव्यात अशी माझी इच्छा होती. मी रडत होते आणि ती शेंगदाणे परत वाटीत भरत होती.

"म्हंजे तुला आकडा ठावं नवता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मना ठावं व्हतं." वाटी तिने बाजूला ठेवली. "गौर काली परली तवाच ठावं झालं. खिरकीशी उभी रायली मी, बंद करू का म्हून. मंग बोलली, नाय, पोरगी शिकलेली हाय, ती बोलते तर आसंल."

पानावर आता आकडे असतात, मोठ्या अक्षरांत. बऱ्याच लोकांना ते आवडत नाहीत. तक्रारी गेल्या, पाहणी करायला माणसं आली, नमुने घेऊन गेली. नाला तिथेच आहे.

आत्याचं घर बंद आहे, पण गच्चीवरचा डबा चालू आहे. रोज सकाळी सातला ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहते आणि विचारते. काल विचारलं तेव्हा मी वाचून दाखवलं, "पहिला. एकशे चाळीस."

"त्या पोरीला फोन लाव," ती म्हणाली. शेजारच्या सुनेला. मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तिचं दीड वर्षाचं लेकरू काहीतरी बडबडत होतं.

"खिडक्या बंद आहेत ना गं?" मी विचारलं. "आज आकडा खूप वर आहे."

"बंदच ठेवलेल्या ताई, आठ दिवस. पन आज उघडल्या," ती म्हणाली. आवाज अगदी खुशीतला. "काल सांजपासून वासच नाय. लई बरं वाटते आज."

मी काही बोलायच्या आत आत्या पुढे वाकली. एक हात तिने टेबलावर रोवला होता.

"गच्चीवर तुजी सुकट हाय का?"

"हाय ना आत्ये. कालच घातली, ओली हाय अजून."

"जा. नाक लावून बघ. वास येतो का सांग."

पायऱ्यांवर तिच्या चपला वाजल्या, लेकराला कडेवर घेऊनच गेली असावी, कारण त्याची बडबडही वर वर जात राहिली. मग फोन एकदम शांत झाला. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

"नाय गं आत्ये," ती पोरगी म्हणाली. "काईच नाय येत."

"लेकराला घे आन नीघ तिथून," आत्या म्हणाली. मी गाडीची किल्ली शोधायला उठले होते.